फुकट कसं मागायचं, सिस्टर

सिस्टर, माझं कौतुक करायचं नाही, असं तुम्ही मला बजावून गेलात. त्यामुळं सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. माणूस गेलं की त्याच्याविषयी बोलायला तोंड उघडताच आधी कौतुक येतं. तुम्ही नेमकी तीच वाट बंद करून ठेवलीत.

उद्या रविवार. तुमच्यासाठी मिस्सेची उपासना आहे, आपल्याच प्रार्थनाघरात. तुमच्या मागं वसतिगृह आता सिस्टर जसिंता बघतात, त्यांचा फोन आला होता. म्हणाल्या, "सविता, मिस्सेत विनंत्यांच्या वेळी एक विनंती तुझी. सिस्टर लिडविनांसाठी. तुझ्या शब्दांत बोल, लिहून आणू नको." मी हो म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून इथं लोहाऱ्याला शाळेत मुलांपुढं उभी राहते, खडू हातात असतो आणि मधेच शब्द थांबतात. खिडकीबाहेर तुरीच्या रानावर ऊन हलत असतं, पाण्यासारखं. त्या पाण्यातून तुमचा राखाडी झगा कुठंतरी लांबून चालत येतोय असं वाटतं. मुलं म्हणतात, "बाई, पुढं?" मी धड्यातलं पुढचं सांगते.

विनंती म्हणजे देवाकडं मागणं. आणि मागण्यावरूनच तर आपलं भांडण होतं. मी आठवीत होते तेव्हा ते सुरू झालं आणि तुम्ही गेलात तरी मिटलं नाही.

मी पहिल्यांदा तुमच्याकडं आले तो दिवस तुम्हाला आठवत असेल का? आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. आईनं मला जळकोटच्या पुढं हमरस्त्यावर एसटीतून उतरवलं, डोक्यावर माझी पत्र्याची पेटी घेतली आणि आम्ही आतल्या रस्त्यानं चालत निघालो. तुम्ही फाटकात उभ्या होतात. आईनं तुमच्या डोक्यावरचं पांढरं वस्त्र बघितलं, गळ्यातला क्रूस बघितला, मग तिची नजर तुमच्या बोटातल्या अंगठीवर थांबली.

"शिस्टरबाई, तुमचं मालक काय करत्यात?"

तुम्ही हसला नाहीत. प्रार्थनाघराकडं बोट केलंत. "ते तिथं असतात."

आई पेटी खाली ठेवून तिकडं जाऊन डोकावून आली. "आत तर कुणीच न्हाय."

"दिवा दिसला का?"

"व्हय. लाल दिवा हाय."

"तो लागलेला असला की ते घरात आहेत असं समजायचं."

आईनं डोक्यावर पदर घेतला आणि पुन्हा एकदा आत बघितलं. या वेळी जरा संकोचून, दुसऱ्याच्या घरात मालक जेवायला बसलेले असावेत तसं. परत जाताना मला फाटकाशी घेऊन म्हणाली, "पोरी, नवरा कुनाला दिसत न्हाय, पन बाई खूश हाय. ऱ्हा हितं."

मी राहिले.

संध्याकाळची जपमाळ आठवते. आम्हा हिंदू मुलींवर कसलीच सक्ती नव्हती. पण बाहेर ओट्यावर डास आणि आत पंखा, म्हणून आम्ही सगळ्याच आत मागं सतरंजीवर येऊन बसायचो. तेच शब्द पुन्हा पुन्हा, अर्धे सिस्टरांचे, अर्धे पुढच्या मुलींचे. सुरुवातीला ते शब्द असायचे. मग पाटाचं पाणी वाहतंय असं व्हायचं. मग तेही नाही, नुसतं काहीतरी सरकत असायचं आणि आपण त्यावर तरंगत असायचो. लांब हमरस्त्यावर हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकचा भोंगा वाजला तरी तो दुसऱ्याच कुठल्यातरी देशातून आल्यासारखा वाटायचा. अर्धवट डोळ्यांनी मी तुमची पाठ बघायची. ती ताठ असायची आणि मग हळूच वाकायची. तुम्ही झोपायचात, सिस्टर. विचारलं की म्हणायचात, "डोळे मिटून देवाजवळ बसले होते." पण देवाजवळ बसलेलं माणूस घोरत नाही.

जपमाळेनंतर त्या दिवसाचं शुभवर्तमान वाचायचं, थोडं गप्प बसायचं आणि मग विनंत्या. ज्याला वाटेल त्यानं आपल्या शब्दांत मागायचं आणि बाकीच्यांनी एका सुरात म्हणायचं, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक." सिस्टर लोक जगासाठी मागायच्या. आजाऱ्यांसाठी, लढाया थांबाव्यात म्हणून, रोममधल्या पोप महाशयांसाठी. मग मुली सुरू व्हायच्या. बोअरला पाणी लागू दे. शेळीला दोन करडं होऊ देत, मागच्या वेळी एकच झालं. गणिताचा पेपर सोपा येऊ दे. आणि पोपसाठी जो सूर तोच सूर शेळीसाठी: प्रभो, आमची प्रार्थना ऐक. मला ते फार आवडायचं. कुणाचं मागणं मोठं नाही, कुणाचं लहान नाही. पण मी स्वतः कधी तोंड उघडलं नव्हतं.

ते उघडलं आई तापानं पडली तेव्हा. निरोप आला होता आणि मला लगेच गावी जाता येत नव्हतं. त्या संध्याकाळी मी उभी राहिले आणि म्हटलं, "मारियामाते, आईचा ताप उतरव. उतरला की मी तुझी खणा-नारळानं ओटी भरीन आणि पाच शुक्रवार उपास करीन." कोपऱ्यात मारियामातेची मूर्ती होती, निळ्या पदराची. आमच्या तुळजाभवानीला जसं बोलतात तसंच मी तिच्याशी बोलले. मला दुसरं बोलणं येत नव्हतं. मुलींनी नेहमीप्रमाणं उत्तर दिलं, पण थोडं अडखळून.

 दुसऱ्या दिवशी तुम्ही धुण्याच्या दगडाशी मला गाठलंत.

"काय गो बाय, तू देवाच्या आईशी सौदा केलास?"

"सौदा न्हाय सिस्टर, नवस."

"फरक काय?"

"सौद्यात भाव करतात. नवसात कुणी भाव करत न्हाय."

तुमच्या ओठाचा कोपरा हलला, पण तुम्ही तो आवरलात. "देव बाप आहे. बापाकडं मागताना मुलगी काय देते?"

"आमच्याकडं देती. पाणी देती, भाकरी वाढती, पाय चेपती. मग मागती."

"आणि नाही दिलं तर बाप देणार नाही?"

"देईल की. पन मागायला तोंड होत न्हाय. फुकट कसं मागायचं?"

"फुकटच मागायचं." तुमचा आवाज चढला. "तेच शिकायचं असतं. सगळ्यात अवघड तेच आहे."

"मग भिकारी अन् आपल्यात फरक काय?"

"काही नाही," तुम्ही म्हणालात आणि माझी भरलेली बादली उचलून चालू लागलात. ती माझी बादली होती, हे तुमच्या ध्यानातच नव्हतं. राग आला की तुम्ही हाताला लागेल ते उचलून चालू लागायचात.

आईचा ताप उतरला. ती आली तेव्हा तिला नवसाचं कळलं होतं. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू सगळं घेऊन आली आणि तिनं मारियामातेची ओटी भरली. तुम्ही दारात हाताची घडी घालून उभ्या. आई गेल्यावर म्हणालात, "खण तेवढा शिवणवर्गाला दे." आणि नारळ? नारळ तुम्ही स्वयंपाकघरात नेलात. वसईचं माणूस, आमच्या या भागात तुम्हाला नारळ कुठला मिळायला. दुपारी आमटीला तुमच्याकडचा वास आला. मी ताटावरूनच विचारलं, "सिस्टर, नवस चालत न्हाय, पन नवसाचा नारळ चालतो व्हय?" सगळ्या मुली खाली मान घालून हसल्या. तुम्ही मला आणखी एक पळी आमटी वाढलीत आणि म्हणालात, "गप जेव."

त्या नारळानंच मला धीर दिला असावा. मी शास्त्र, म्हणजे तुमचं बायबल, वाचायला घेतलं. तुम्ही मला वाच म्हटलं नव्हतं. मी फक्त तुम्हाला हरवायला वाचत होते. आणि मला हन्ना सापडली. मूल नाही म्हणून मंदिरात रडणारी, ओठ हलवत मनातल्या मनात बोलणारी, आणि तिथला म्हातारा याजक तिला प्यायलेली समजतो. ती देवाला म्हणते, मुलगा दे, मी तो तुलाच वाहीन. मी पळत तुमच्याकडं आले. तुम्ही आवारातल्या दवाखान्यात एका म्हाताऱ्याचं गळू धूत होतात.

"सिस्टर, हन्नानं नवस केला होता. आणि देवानं ऐकला."

"हात बघतेस ना माझे? नंतर ये."

"पन ऐकला ना?"

तो म्हातारा कण्हत म्हणाला, "ऐकला असंल गं पोरी. आता बाईला माझं ऐकू दे."

तुम्ही उत्तराला आठवडा घेतलात. मग एका संध्याकाळी मुद्दाम इफ्ताहाची गोष्ट वाचायला लावलीत. तो लढाईला जाताना देवाला बोलतो, मला जिंकू दे, घरी परतताना दारातून जे पहिलं सामोरं येईल ते तुला वाहीन. आणि डफ वाजवत सामोरी येते त्याची एकुलती एक लेक. वाचून झालं.  मला त्या मुलीचा डफ ऐकू येत होता, लांबून, आमच्या गावच्या शिवारातून आल्यासारखा.

"देवानं मागितलं होतं का तिला?" तुम्ही विचारलंत. "त्यानं काहीच मागितलं नव्हतं. यानंच बोलून टाकलं."

मी त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडले. मग याकोब सापडला आणि पुन्हा सुरू झाले. तो तर आमच्यातलाच वाटला मला. उशाला दगड घेऊन रानात झोपतो, स्वर्गापर्यंत गेलेल्या शिडीचं स्वप्न बघतो आणि सकाळी उठून त्याच दगडावर तेल ओतून देवाला अटी घालतो: खायला भाकर दे, अंगाला वस्त्र दे, सुखरूप घरी आण, मग तू माझा देव आणि सगळ्याचा दहावा हिस्सा तुझा. मी म्हटलं, "बघा, याकोब तर लई पक्का. आधी देवाचा माल तपासून घेतो." तुम्ही इतक्या हसलात की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पण हरले असं म्हणाला नाहीत. "पुढं वाच," म्हणालात. मी पुढं वाचलं नाही. मला हवं ते मिळालं होतं.

एक गोष्ट तुम्ही मला कधी विचारली नाहीत. एवढी वर्षं त्या सतरंजीवर बसून मी शुभवर्तमान ऐकलं, तुमच्याशी भांडले, ख्रिसमसला गोठा सजवला, पण बाप्तिस्मा घेतेस का, असं तुमच्या तोंडून कधी आलं नाही. आई दर वर्षी मला तुळजापूरला घेऊन जायची. तुम्ही रजा द्यायचात आणि "माझा नमस्कार सांग तिला," म्हणायचात. पुढं पुढं मला प्रश्न पडायला लागला. तुम्हाला तसं वाटतच नव्हतं, की वाटत होतं आणि तुम्ही ते गिळत होतात? मीही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता याची मी अनेक उत्तरं मनात तयार केली आहेत. त्यातलं एकही तुमच्या आवाजात नीट बसत नाही.

मग मी कॉलेजला गेले, सोलापूरला. आमच्या भावकीत तोवर कुणी पदवी घेतली नव्हती, पोरानंही नाही. सुट्टीत येताना गावी जायच्या आधी मी तुमच्याकडं उतरायचे. निकाल लागला त्या दिवशी पेढे घेऊन आले आणि तुमच्यासाठी राखाडी रंगाची शाल. तुम्ही पेढे मुलींत वाटलेत. शाल हातात घेऊन विचारलंत, "ही कशाबद्दल?"

"तुम्ही एवढं केलं त्याबद्दल."

"फेडतेस?"

 माझे डोळे भरले. तुम्हाला ते दिसलं आणि तुम्ही शाल लगेच अंगावर घेतलीत, उन्हाळ्याचे दिवस असताना. "थंडी वाजत होती म्हणून घेते आहे," म्हणालात. "फेड म्हणून नाही. नीट ऐक, बाय. जे फेडता येत नाही ते फेडायचंच नसतं. ते नुसतं असू द्यायचं."

मला ते तेव्हा कळलं नाही. आता कळलं असंही मी म्हणणार नाही.

शेवटी तुम्हाला सोलापूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी आणि आई आलो. तुम्ही एवढ्याशा झाल्या होतात. खिडकीतून दुपारचं ऊन पांढऱ्या चादरीवर पडलं होतं आणि तुमचे हात त्यात ठेवल्यासारखे दिसत होते. आई पायाशी बसून तुमचे तळवे चोळत राहिली. तुम्ही बराच वेळ डोळे मिटून होतात. मला वाटलं झोपल्यात. मग डोळे न उघडताच म्हणालात, "सविता, मी गेले की लोक चांगलं चांगलं बोलतील."

"बोलणारच की."

"तेच नको आहे. सगळे मला संत करून मोकळे होतील. संताला कुणाच्या प्रार्थनेची गरज नसते. मग माझ्यासाठी मागणार कोण?"

मी म्हटलं, "तुमच्यासाठी मागायची काय गरज? तुम्ही तर सरळ जाल."

तुम्ही डोळे उघडलेत आणि खरंच चिडलात. दवाखान्याच्या खाटेवर, नाकात नळी असताना. "मूर्ख आहेस. मी माणूस आहे. मला किती गोष्टींचं ओझं आहे ते तुला काय माहीत." मग दम घेतलात. देवासमोर जायच्या आधी माणसाला धुऊन निघावं लागतं, असं तुम्ही आम्हाला शिकवलं होतं. त्या जागेला तुम्ही शुद्धिस्थान म्हणायचात, आणि मागं राहिलेल्यांच्या प्रार्थनेनं तिथल्या माणसाला आधार होतो म्हणायचात. "तू माझ्यासाठी मागायचंस. तू. कौतुक नाही. आणि ऐक, नवस बोलायचा नाही. माझ्यासाठी शुक्रवार धरलेस तर मी वरून येऊन कान पिळीन."

"नुसतं मागू?"

"नुसतं माग."

आई म्हणाली, "शिस्टरबाई, ती मागंल. न्हाय मागितलं तर म्या हाय." तुम्ही आईच्या डोक्यावर हात ठेवलात. आपलं शेवटचं बोलणं ते.

तुमच्या मातीला लोक खूप आले. आमच्या भागातल्या बायका ट्रॅक्स भरून आल्या होत्या. शवपेटी उघडी होती. आईनं पिशवीतून खण, नारळ आणि तांदूळ काढले, तेव्हा मी तिचा हात धरला. "आई, हितं असं करत न्हाईत."

"का म्हून?" आई हळू बोलायला गेली, पण सगळ्यांना ऐकू आलं. "शिस्टरबाई देवाची नवरी व्हती का न्हाय? अंगठी हाय बोटात. मालक हाय म्हनत्या व्हत्या. मालकाच्या आधी गेली ती सवाशीण. सवाशिणीला मोकळ्या ओटीनं लावून देऊ व्हय?"

 सिस्टर जसिंता फादरांकडं बघायला लागल्या. फादर थोडे बाजूला सरकले, आईला जागा व्हावी म्हणून. आईनं तुमची ओटी भरली, तुमच्या कपाळाला हात लावून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. मला वाटतं, हे तुम्ही बघितलं असेल तर तुम्हाला नारळाचं जरा वाईट वाटलं असेल.

त्यानंतर तुमच्या धाकट्या बहिणीनं मला शोधून काढलं. वसईहून आल्या होत्या. "सविता तूच ना?" म्हणाल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकल्यापासून मला तुमच्याशी बोलायचं आहे आणि तुम्ही नाही.

सिस्टर, तुमचे सुके बोंबील. दर वर्षी बहीण कुणाच्यातरी हाती डबा पाठवायची. तुम्ही ते भाजायला लागलात की आम्ही मुली ओढण्या नाकाला लावून पळायचो आणि तुम्ही ओरडायचात, "या गो, खाऊन तर बघा, मग पळा." तुमचं ते एकच खाणं होतं ज्याच्यापुढं तुम्हाला ईस्टरआधीचा उपवासकाळ लांब वाटायचा. मी कॉलेजला गेल्यावर तुमच्याकडं यायची तेव्हा तो वास नसायचा. मी विचारलं होतं एकदा. "पोटाला झेपत नाही आता," म्हणालात. मला, खरं सांगायचं तर, बरंच वाटलं होतं.

बहीण म्हणाली, "तू कॉलेजला गेलीस त्या वर्षी तिचा फोन आला, बोंबील पाठवू नको. मी म्हटलं, डॉक्टरनं बंद केले का? म्हणाली, नाही, एका मुलीची पदवी व्हायची आहे."

मी तिथल्या कट्ट्यावर बसले. आजूबाजूला लोक निघत होते, चपला घालत होते. मला पहिल्यांदा हसू आलं. तुम्ही नवस केला होता, सिस्टर. मला धुण्याच्या दगडाशी गाठून शिकवलंत, इफ्ताहाची लेक दाखवून रडवलंत, आणि स्वतः गुपचूप बोंबील वाहिलेत. माझ्यासाठी. तुम्ही हरलात.

मग बहिणीनं पुढचं सांगितलं. "तू पास झालीस तेव्हा मी विचारलं, आता पाठवू का? म्हणाली, नको, राहू दे. म्हटलं, झालं ना तुझं काम? तर म्हणाली, काम झालं म्हणूनच राहू दे."

तेव्हापासून मी या एका वाक्याशी बसले आहे. आमच्याकडं नवस फेडला की तो सुटतो. आई तुळजापूरहून परत येते तेव्हा किती हलकी असते, बसमध्ये बायकांशी हसत बोलत येते, कारण देवीचं देवीला पोचलं. तुमचं तर पोचलं होतं. दुसऱ्या दिवशी बोंबील भाजायला तुम्हाला कुणी अडवलं नसतं. तरी तुम्ही ते परत घेतले नाहीत. मग तो नवस होता का? सुरू झाला तेव्हा असेल. पुढं त्याचं काय झालं, त्याला आमच्याकडं शब्द नाही. तुमच्याकडं असला तर तुम्ही तो सांगितला नाहीत.

मी परत शास्त्र काढलं, या वेळी कुणाला हरवायला नाही. याकोबाच्या पुढचं वाचलं. अटी घालणारा तो याकोब म्हातारपणाकडं झुकलेला, नदीच्या काठी एकटा, आणि कुणीतरी अनोळखी त्याच्याशी उजाडेपर्यंत झुंजतो. मांडीचा सांधा निखळतो तरी तो सोडत नाही. म्हणतो, मला आशीर्वाद दिल्याशिवाय तुला जाऊ देणार नाही. बस. त्याच्यापुढं दहावा हिस्सा नाही, तेल नाही, दगड नाही. द्यायला काहीच नाही, नुसती मिठी आणि मागणं. हे वाचून मी पुस्तक छातीशी धरून अंगणात कितीतरी वेळ उभी होते. तुम्ही "पुढं वाच" म्हणाला होतात ते यासाठी का? की तुम्हालाही तेव्हा पुढचं नीट आठवत नव्हतं, नुसतं हरायचं नव्हतं म्हणून म्हणालात? दोन्ही खरं असेल. तुम्हाला मी ओळखते.

परवा दुपारी डोळा लागला तर तुम्ही आला होतात. द्राक्षांच्या बागेतून चालत होतात, वरून हिरवा उजेड गळत होता आणि तुमच्या मागं मी. तुम्ही वळून बघत नव्हता. मी हाका मारत नव्हते. आपण भांडतही नव्हतो. जागी झाले तेव्हा आई चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी तुळजापूरला जाते. शिस्टरबाईच्या नावानं ओटी भरते. तू तुझ्या तिकडं माग, म्या माझ्या हिकडं मागते. कुनाचं तरी लागंल." तिला मी अडवणार नाही. तुम्हीही अडवू नका.

पण माझं मला बोलायचं आहे. आणि आज सकाळपासून मला एक कळलंय, सिस्टर. तुमच्याशी बोलणं सोपं आहे. हे सगळं मी तुमच्याशी बोलले, आणि आणखी कितीही दिवस बोलत बसेन. पण तुम्ही मला तुमच्याशी बोलायला सांगितलं नव्हतं. तुमच्याविषयी त्याच्याशी बोलायला सांगितलं होतं. तेच मी टाळत होते. कारण त्याच्यापुढं उभं राहिलं की हात रिकामे आहेत हे आधी दिसतं आणि मग काहीतरी कबूल करावंसं वाटतं. पाच शुक्रवार, एखादं गोड खाणं सोडणं, वसतिगृहाला पंखा. जिभेवर येतं ते मी गिळते. सकाळपासून गिळते आहे.

आता थोडं बाजूला व्हा, सिस्टर. उद्याचं मला एकदा म्हणून बघू द्या.

देवा, मी सविता. मी तुझ्या घरात सतरंजीवर मागं बसायची. मला तुझी सगळी नावं माहीत नाहीत. तुझ्यापुढं सगळी लेकरंच, म्हणून सिस्टरना अहोजाहो न करता बोलते. आमची लिडविना तुझ्याकडं आली आहे. तिला राग लवकर यायचा. रागात ती म्हाताऱ्या माणसांनाही बोलायची, आणि नंतर माफी मागायला तिला लई जड जायचं. गाणाऱ्या मुलींना ती जास्त जवळ करायची आणि न गाणाऱ्या मुलींना ते कळायचं. आणि आणखी जे काही तिच्या मनावर होतं आणि तिनं आम्हाला सांगितलं नाही, ते तुला माहीत आहे. ते सगळं तिला माफ कर. तिला धुऊन घे. ती फार थकली होती, तिला जवळ बसव. याच्या बदल्यात मी काही आणलेलं नाही. पुढंही काही देईन असं बोलत नाही. तरी मागते. दे.